नोव्हेंबरच्या थंडीत आई-बाबांना कॉलेज फुटबॉल दाखवायचंय, तर तयारी काय करावी?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकतेस, पुण्याहून आई-बाबा नोव्हेंबरमध्ये येताहेत, दुपारी बाराच्या सामन्याची तीन तिकिटं तू काढली आहेस आणि त्याआधी सकाळी मित्रमंडळींबरोबर टेलगेटही, म्हणजे गाडीपाशी मांडलेलं खाणंपिणं, करायचं आहे. बाबा ६४ वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे. आईने अजून बर्फ पाहिलेला नाही. दोघांना हे झेपेल का, आणि झेपावं म्हणून काय करायचं?

झेपेल. मी २००४ पासून या गावात आहे आणि बहुतेक मोसमांत निदान तीन-चार सामन्यांना जाते. सासू-सासरे, माझी आई, नागपूरची मावशी, एकदा तर ७१ वर्षांच्या आत्या, अशा सगळ्यांना मी नोव्हेंबरमध्ये त्या स्टेडियममध्ये बसवलं आहे. आत्या आजही फोनवर सामन्याआधी वाजणाऱ्या बँडची आठवण काढतात. पण एका वेळी माझ्याकडून चूक झाली होती आणि ती सासऱ्यांच्या पायाला भोवली. ते पुढे सांगतेच, कारण तुझ्या बाबांसाठी तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. चालताना लागणारी थंडी वेगळी आणि बसून लागणारी थंडी वेगळी. तू रोज वर्गात चालत जातेस, दहा मिनिटांत आत शिरतेस, म्हणून तुला वाटतं की आपला जाड कोट पुरेसा आहे. सामन्याच्या दिवशी सकाळी आठला तुम्ही गाडीतून उतरणार, बाराला सामना सुरू होणार, साडेतीनच्या आसपास संपणार, मग गाडीपर्यंत चालत यायचं. म्हणजे आठ तास उघड्यावर, आणि त्यातले साडेतीन-चार तास जवळजवळ न हलता. इथे नोव्हेंबरच्या अखेरीस दुपारी साधारण पाच-सहा अंश सेल्सियस असतं, पहाटे शून्याखाली दोन-तीन. आकडा ऐकून बाबा म्हणतील, महाबळेश्वरला यापेक्षा काय वेगळं? वेगळा असतो तो वारा. तापमान ३० फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली एक, आणि वारा ताशी १५ मैलांचा असेल, तर उघड्या कातडीला ते १९ फॅरनहाइटसारखं, म्हणजे शून्याखाली सातसारखं लागतं. हवामानाच्या ॲपवर नुसतं तापमान बघू नकोस, वाऱ्याचा आकडा बघ आणि तयारी त्यावर ठरव.

दुसरी गोष्ट: बसल्या जागी थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते. मिशिगन स्टेडियममध्ये बहुतेक ठिकाणी पाठ नसलेले ॲल्युमिनियमचे बाक आहेत आणि पायाखाली काँक्रीट. ॲल्युमिनियम लाकडापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढून घेतं. कोट कितीही भारी असला तरी बसल्यावर त्याचा खालचा भाग दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि मांड्यांतून गारठा वर चढायला लागतो. पाच हजार रुपयांचा आणखी एक कोट घेण्यापेक्षा ढुंगणाखाली आणि तळपायाखाली काहीतरी घालणं दहापट कामाचं आहे. फोमची बंद छिद्रांची चटई मिळते, ट्रेकला नेतात तसली. ती कापून तीन चौकोन बसायला आणि तीन पायाखाली घ्यायला कर. ती नसेल तर जाड पुठ्ठासुद्धा चालतो. लोक उभे राहतात तेव्हा त्याच चौकोनावर उभं राहायचं.

माझ्याकडे एक घोंगडी आहे, सासूबाईंनी सोलापूरकडून आणलेली, काळी, बोचरी. पहिल्यांदा नेली तेव्हा मला वाटलं होतं की ही वजनदार वस्तू कशाला सोबत घ्यायची. चौघडी करून बाकावर टाकली आणि तीन माणसं तिच्यावर बसली. मग चारपैकी दुसऱ्या सत्रात भुरभुर बर्फ पडायला लागला, तेव्हा घोंगडीच्या वरच्या केसांवर पांढरे कण नुसते टेकून राहिले, झटकले की गेले. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. धनगरांनी शतकानुशतकं पावसात हीच अंगावर घेतली आहे. आईंना सांग, घरात कुठे जुनी घोंगडी पडली असेल तर बॅगेत टाका.

आता कपडे. पुण्याहून येताना माणसं दोन स्वेटर आणि एक जाड जॅकेट आणतात आणि खाली जीन्स, सुती बनियन, सुती मोजे. यातला सूत हा खरा शत्रू. सकाळी टेलगेटच्या वेळी उभं राहून, सामान हलवून, शेगडीजवळ थांबून अंगाला घाम येतो. तो सुती कपडा पिऊन टाकतो आणि अकराच्या पुढे तोच ओलावा अंगावर बर्फासारखा बसतो. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, वरून खालून दोन्ही. त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर. सगळ्यांत वर वारा अडवणारं काहीतरी. अगदी पावसाळी जॅकेट-पँटसुद्धा चालते, फक्त आतल्या थरांवरून सैल बसली पाहिजे. सकाळी हे सगळं एकदम चढवू नका. गाडीतून उतरताना एक थर कमीच ठेवायचा, थोडी थंडी वाजत असू दे, आणि आत जाण्याआधी उरलेला थर घालायचा.

आईंना साडीतच यायचं असेल तर येऊ देत, माझी आई आली होती. नऊवारीसारखी पायात अडकत नाही अशी नेसली, आत लोकरी थर्मल पँट, परकर सुती न घेता पॉलिस्टरचा. पण पदर आणि निऱ्या ओल्या पायऱ्यांवर घासतात, म्हणून सलवार किंवा पँट बरी, असं तिनेच नंतर सांगितलं. आणि बाबांची माकडटोपी! ती घरी ठेवून येऊ नका म्हणावं. इथे तीच वस्तू बॅलाक्लाव्हा नावाने दुकानात टांगलेली असते आणि विद्यार्थी ती घालून फिरतात. कान, मान, हनुवटी एकदम झाकणारी इतकी सोपी दुसरी वस्तू नाही. हातात पाच बोटांचे मोजे घालण्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मिटन घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात.

पायांबद्दल जरा सविस्तर, कारण सामना अर्ध्यावर सोडून जाणारी माणसं मी बघते ती बहुतेक पायांमुळे जातात. मोज्यांचे दोन जाड जोड घट्ट बुटात कोंबायचे नाहीत. बूट आवळला की आतली हवाही जाते आणि रक्तही नीट फिरत नाही. एकच जाड लोकरी मोजा आणि अर्धा नंबर मोठा बूट. बाबांसाठी बूट इथे आल्यावर दुकानात, तोच मोजा घालून घ्या. आणि ही माझी सगळ्यांत लाडकी सूचना: सामन्याच्या पाऊण तास आधी, गाडीत बसून, सगळ्यांनी मोजे बदलायचे. सकाळभर पाय घामेजलेले असतात, आपल्याला कळतही नाही. कोरडा, गाडीच्या हीटरसमोर धरून गरम केलेला मोजा चढवला की पुढचे तीन तास पाय शांत राहतात. मी वेगळ्या पिशवीत तेवढेच मोजे ठेवते, दुसरं काही नाही.

आता हातापायांच्या गरम पुड्या, इथे हँड वॉर्मर म्हणतात त्या. त्यात लोखंडाची पूड, मीठ, कोळसा असं मिश्रण असतं. पाकीट फोडलं की हवेतल्या प्राणवायूने लोखंड गंजायला लागतं आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून दोन गोष्टी. एक, पुडी फोडून लगेच घट्ट मिटनमध्ये कोंबली तर ती तापतच नाही. आधी पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या हवेत हलवत राहायची. दोन, बुटात घालायची ती पायासाठी बनवलेलीच घ्यायची, कारण बुटात हवा कमी असते आणि ती त्या हिशेबाने केलेली असते. घरी लवकर परतलात तर उरलेली पुडी हवाबंद झिपच्या पिशवीत कोंडून ठेव. हवा संपली की क्रिया थांबते आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येते.

आणि इथेच माझ्या सासऱ्यांची गोष्ट. त्यांनाही मधुमेह, बरीच वर्षांचा. सकाळी मी त्यांना पायाच्या पुड्या दिल्या आणि मोज्यावरून लावा एवढं सांगून बाकीच्या तयारीला लागले. त्यांनी एका पायात ती मोज्याच्या आत, तळव्याला चिकटवली. त्यांना काही जाणवलं नाही, कारण पायाची संवेदना आधीच कमी झालेली. दिवसभर खुशीत होते. रात्री मोजा काढला तर चवड्याखाली रुपयाएवढा फोड. तो भरायला सहा आठवडे लागले आणि परतीचं तिकीट पुढे ढकलावं लागलं. तुझ्या बाबांच्या पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, तर पायात पुडी नकोच. नसेल तरी डॉक्टरांना विचारून, आणि मोज्याच्या बाहेरूनच. पुडी नीट लागली आहे का ते तू स्वतः वाकून बघ. त्यांच्यावर सोडू नकोस.

मधुमेहाचं आणखी थोडं. इन्सुलिन घेत असतील तर पेन बाहेरच्या खिशात किंवा गाडीत ठेवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. अंगालगतच्या खिशात ठेवायचं. साखर मोजायचं यंत्रही फार थंडीत चालत नाही, तेही आतच. साखर उतरली की माणूस थरथरतो आणि थंडीनेही थरथरतो, तेव्हा अंदाजावर जाऊ नका, मोजून बघा. खिशात साखरेच्या गोळ्या किंवा साधा साखरेचा गोड पदार्थ ठेवा. थंडीत लघवीला जास्त होते म्हणून ज्येष्ठ मंडळी पाणीच प्यायचं सोडतात. तसं होऊ देऊ नकोस. शौचालयाला मध्यंतरात जायचं नाही, तेव्हा रांग संपत नाही. दुसऱ्या सत्रात खेळ चालू असताना पटकन जाऊन यायचं.

आता टेलगेट. आई-बाबांना शब्द समजावायचा तर गाडीचं मागचं, खाली उघडणारं दार म्हणजे टेलगेट; ते उघडून त्यावर मांडलेली पंगत म्हणजे टेलगेटिंग. सामन्याआधी चार-चार तास लोक गाड्या लावून, चुली पेटवून, एकमेकांना खाऊ घालतात. माझ्या मते आपल्या माणसांना हा देश जवळून दाखवायचा असेल तर हीच जागा. जत्रेत देवळाबाहेर जशी चुलीवरची जेवणं चालतात, वाटेने जाणाऱ्याला हाक मारून पानावर बसवतात, तसं. आम्ही स्टेडियमसमोरच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारात उभे राहतो. शेजारी एक मिशिगनचंच जुनं कुटुंब असतं, आजोबा-आजी, मुलगे, नातवंडं. त्यांच्या पातेल्यातली राजमा घातलेली चिली आणि आमची मिसळ यांची देवाणघेवाण आता इतकी वर्षं चालली आहे की गेल्या मोसमात आम्हाला यायला उशीर झाला तर त्यांनी दोन खुर्च्या मांडून आमची जागा धरून ठेवली होती.

जागा लावताना आधी वारा बघ. तो बहुधा पश्चिमेकडून असतो. गाडी अशी लाव की तिची लांब बाजू वाऱ्याला आडवी येईल आणि मंडळी तिच्या आडोशाला बसतील. दोन गाड्या असतील तर काटकोनात लाव. मांडव उभारलात तर त्याचे चारही पाय वजनाने बांधा, डांबरी जागेत खुंटी मारता येत नाही. पाण्याचे मोठे कॅन किंवा वाळूची पोती चालतात. कापडी भिंत लावायची तर एकाच बाजूला, वाऱ्याच्या. चारही बाजू बंद करून आत शेगडी, ग्रिल किंवा गॅसचा हीटर कधीही लावायचा नाही. गाडीतही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं थंडीमुळे होतंय.

शेगडीबद्दल एक चूक आपली मंडळी हमखास करतात. आपल्याकडे डोशासाठी, अंगणात भजी तळण्यासाठी ती चौकोनी पोर्टेबल शेगडी असते ना, जिच्यात फवाऱ्याच्या डब्यासारखा गॅसचा डबा आडवा बसतो? त्यात ब्युटेन असतो. ब्युटेन शून्याच्या जरा खालीच, उणे अर्ध्या अंशाला द्रवाचा वायू होतो. म्हणजे गोठवणाऱ्या सकाळी तो डब्यात नुसता द्रव म्हणून पडून राहतो, ज्योत मिणमिणते आणि विझते. मग कोणीतरी डबा हाताने, पुडीने किंवा गरम पाण्याने तापवायला जातं. हे धोक्याचं आहे, कुणाला करू देऊ नकोस. प्रोपेनची शेगडी आणायची. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. एक पौंडाचा छोटा हिरवा सिलिंडर मोठ्या शेगडीला लावला तर गॅस सुटता सुटता तो स्वतःच इतका गार होतो की त्यावर दव गोठतं आणि दाब पडतो. म्हणून मोठं पातेलं असेल तर २० पौंडांची टाकी न्यावी.

आणि खाण्याचं म्हणशील तर शक्य तितकं घरून तयार करून न्यावं. तिथे फक्त गरम करणं आणि परतणं. बटाटेवडे तिथे तळायचा मोह होतो, मीही एक-दोन वर्षं केलं. पण वाऱ्यात तेलाचं तापमान टिकत नाही, वडे तेल पितात, आणि गर्दीत, मुलं पळत असताना उकळतं तेल ठेवणं मला आता पटत नाही. मिसळ उत्तम. मटकीची उसळ आदल्या रात्री करून ठेवायची, सकाळी निघताना पुन्हा खळखळून उकळायची. बर्फासाठी जो कूलर वापरतो तो ऊबही तितकीच धरतो: त्यात आधी दोन किटल्या उकळतं पाणी ओतून झाकण लावून वीस मिनिटं ठेवायचं, पाणी ओतून टाकायचं, आणि मग झाकणबंद पातेलं जुन्या टॉवेलात गुंडाळून आत बसवायचं. कट वेगळा, मोठ्या थर्मासमध्ये. थर्मासलाही तेच, भरण्याआधी उकळत्या पाण्याने तापवायचा. तीन-चार तास सगळं वाफाळतं राहतं. थर्मामीटर घालून बघ, ६० अंश सेल्सियसच्या खाली गेलं असेल तर शेगडीवर चढव. फरसाण, बारीक कांदा, कोथिंबीर डब्यांत. पाव फॉइलमध्ये गुंडाळून ग्रिलच्या कडेला. पोहे आणि साधा भात नेऊ नकोस, दहा मिनिटांत दगड होतात. तूप गोठतं, खोबऱ्याची चटणीही. पाण्याच्या बाटल्या कूलरमध्ये उलट्या ठेवायच्या. पाणी वरून गोठत येतं, मग झाकणाची बाजू मोकळी राहते. हो, कडाक्याच्या दिवशी कूलर पेयं गोठू नयेत म्हणूनच लागतो.

आल्याचा चहा मात्र भरपूर. आमच्याकडे तीन लिटर लागतो, कारण शेजारीही येतात.

दारूबद्दल बाबांना एवढंच सांग की ब्रँडीने ऊब आल्यासारखं वाटतं ते कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून. त्या रुंदावल्या की अंगातली ऊब उलट लवकर बाहेर जाते. थंडीवरचा उपाय म्हणून ती घ्यायची नाही, त्यातून मधुमेह आहेच.

पावणेअकराला शेगडी बंद. सिलिंडर सुटा करायचा, ग्रिल पूर्ण गार होऊ द्यायची. कोळसा वापरला असेल तर निखारे त्यासाठी ठेवलेल्या लोखंडी पिंपातच टाकायचे. तापलेली ग्रिल गाडीखाली सरकवून निघून जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने गाड्या पेटतात.

आत जाताना काय नेता येतं याचे नियम मोसमागणिक बदलतात, म्हणून त्या आठवड्यात स्टेडियमच्या संकेतस्थळावर एकदा वाच: पिशवी, ब्लँकेट, बसायची गादी, सगळं. औषधांचं वेगळं काही असेल तर तेही. तिकीट फोनवर असतं आणि थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. तिकिटं आदल्या रात्रीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेव आणि फोन आतल्या खिशात, अंगालगत ठेव.

जागेविषयी. तिकिटं काढली आहेस म्हणतेस, पण बदलता आली तर पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेव. मैदान उत्तर-दक्षिण पसरलेलं आहे. दुपारी सूर्य नैर्ऋत्येला कलतो, म्हणून पूर्वेच्या बाजूला बसणाऱ्यांच्या तोंडावर ऊन येतं आणि पश्चिमेच्या बाजूवर लवकर सावली पडते. नोव्हेंबरमध्ये हा फरक मोठा वाटतो. स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीखाली, मोठ्या वाडग्यासारखा आहे. दारातून शिरून पायऱ्या उतरत आपल्या ओळीपर्यंत जायचं असतं. खाली वारा कमी लागतो, पण परत चढून यायचं असतं. बाबांचे गुडघे कसे आहेत त्यावर ठरव. आणि बाकावर प्रत्येकाची जागा म्हणजे एका आकड्याची पट्टी. हिवाळी कोट घातलेला माणूस तेवढ्यात मावत नाही. शेजाऱ्याला खेटून बसावं लागतं. आईंना सुरुवातीला अवघड वाटेल, पण खेटून बसलं की थंडीही कमी लागते आणि ओळखही होते.

खेळ त्यांना गाडीतच समजावून सांग. फुटबॉल म्हटलं तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना. कबड्डीत जसं एकेका चढाईने हिशेब फिरतो तसं इथे एकेका यार्डाने. टोकाच्या पट्टीत चेंडू नेला तर सहा गुण, लाथेने खांबांमधून मारला तर तीन. घड्याळात साठ मिनिटं, पण ते सारखं थांबतं म्हणून साडेतीन तास. एवढं पुरे. बाबा क्रिकेट बघणारे असतील तर दुसऱ्या सत्रापर्यंत स्वतःच पंचांवर बोलायला लागतील.

आसनक्षमता १,०७,६०१ आहे. १९२७ साली हे स्टेडियम उघडलं, आणि नोव्हेंबर १९७५ पासून, २०२० चा साथीचा मोसम सोडला, तर इथल्या दर सामन्याला एक लाखाहून जास्त माणूस आलेला आहे. आई-बाबांना हा आकडा आधी सांगू नकोस. दारातून आत शिरल्यावर, पायऱ्यांच्या तोंडाशी, खाली ते सगळं एकदम दिसू दे. आणि सामन्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी जागेवर बसा, बँड चुकवू नका. ते शेकडो विद्यार्थी बोगद्यातून धावत येतात तेव्हा आत्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की मिटनमधूनही कळलं.

थंडी असली की इथली जुनी माणसं १९५० चा सामना काढतात. २५ नोव्हेंबर, ओहायोत, कोलंबसला, ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्ध, हिमवादळात. मिशिगनला त्या दिवशी चार प्रयत्नांत दहा यार्ड एकदाही जाता आलं नाही, एकही पास पोचला नाही, आणि तरी ते ९-३ ने जिंकले. शेजारचे आजोबा ही गोष्ट त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली सांगतात. माझी स्वतःची गोष्ट २०२१ ची आहे. २७ नोव्हेंबर, ओहायो स्टेटशी सामना, बर्फ पडत होता, १,११,१५६ माणसं. मिशिगनने दहा वर्षांनी त्यांना हरवलं, ४२-२७. शेवटी विद्यार्थी मैदानात उतरले आणि हिरवं मैदान काळ्या-निळ्या-पिवळ्या कोटांखाली दिसेनासं झालं. माझ्या पापण्यांवर बर्फ होता आणि पाय कोरडे होते. पाय गारठले असते तर मी तिसऱ्या सत्रातच घरी गेले असते.

तरीही मध्येच उठावं लागलं तर उठ. सामना परत बघता येतो. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, गाल पांढरट आणि बधिर दिसले तर लगेच आत, बंदिस्त जागेत जायचं; चोळायचं नाही, उबदार तळवा नुसता ठेवायचा. कोणी कुडकुडायचं थांबलं, शब्द अडखळायला लागले, पायरी चुकायला लागली आणि वर म्हणालं की आता थंडी वाजत नाही, तर ते लक्षण वाईट आहे, प्रथमोपचार कक्ष गाठायचा. म्हणून आत गेल्या गेल्या तो कक्ष कुठे आहे ते बघून ठेव. आणि दोघांना तिकिटाची किंमत सांगू नकोस. सांगितलीस तर पैसे वसूल करायला ते दात वाजत असताना शेवटपर्यंत बसतील.

संपल्यावर घाईने गाडी काढू नका. एक लाख माणसं एकदम निघतात, तासभर रस्ता हलत नाही. गाडीत हीटर लावा, ओली जॅकेटं काढा. मी दुसरा थर्मास मुद्दाम गाडीतच ठेवते आणि थोडी उसळ मागे राखते. प्रोपेनची शेगडी बाहेर पाच मिनिटं पेटवली की ती पुन्हा गरम होते. नोव्हेंबरच्या अखेरीला पाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो, तोवर शेजारचे लोकही परतलेले असतात.

घरी पोचलात की आधी बाबांना दिव्याखाली खुर्चीवर बसव, मोजे काढ, आणि दोन्ही तळवे, टाचा, बोटांच्या मधल्या जागा स्वतः नीट बघ. ते म्हणतील काही झालेलं नाही. तरी बघ.